नऊ डाव, शून्य धावा: सीमोर क्लार्कची कारकीर्द कशी वाचायची

सामने ५, डाव ९, नाबाद २, धावा ०, सर्वोच्च ०, सरासरी ०.००.

सीमोर क्लार्क या इंग्लिश यष्टिरक्षकाची फलंदाज म्हणून प्रथम श्रेणीतली कमाई एवढीच. १९३० च्या उन्हाळ्यात तो सॉमरसेट काउंटीकडून (काउंटी म्हणजे इंग्लंडमधला परगणा आणि त्याचा क्रिकेट संघ) पाच सामने खेळला, नऊ वेळा बॅट घेऊन मैदानात उतरला, सात वेळा शून्यावर बाद झाला आणि दोन वेळा शून्यावर नाबाद परतला. प्रथम श्रेणीत एकदाही भोपळा न फोडता सर्वांत जास्त डाव खेळलेला माणूस म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

क्रिकेटच्या गमतीजमती सांगताना हा आकडा हमखास निघतो. लोक हसतात आणि पुढच्या गमतीकडे वळतात. हसायला काहीच हरकत नाही. पण ज्याला एक धाव जमत नाही त्याला एका काउंटीने ओळीने इतके सामने का दिले, हा प्रश्न मागे राहतो. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, मोसम संपल्यावर याच माणसाला पुढच्या वर्षासाठी करार का देऊ केला? खरंच देऊ केला होता. नाकारला तो क्लार्कने.

याचं उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी काउंटी क्रिकेट कसं चालायचं, पैसे कोणाला मिळायचे आणि ‘प्रथम श्रेणी’ हा शिक्का नेमका कशावर बसतो, हे थोडं उलगडावं लागतं.

शिक्का कशावर बसतो

आपल्याला प्रथम श्रेणी म्हटलं की रणजी करंडक आठवतो आणि वाटतं की ‘चांगल्या दर्जाचं क्रिकेट’ असा त्याचा अर्थ असणार. ढोबळमानाने ते ठीकच आहे. पण शिक्का बसतो तो सामन्यावर, खेळाडूवर नाही. आणि सामना कसा झाला यावर तो ठरत नाही, कोणत्या दोन संघांत झाला यावर ठरतो.

इंग्लंडमध्ये कोणत्या काउंट्या या वर्गात धरायच्या हे १८९४ मध्ये एमसीसी (लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, खेळाचे नियम ठरवणारी संस्था) आणि काउंट्यांनी मिळून ठरवलं. सगळ्या जगासाठी व्याख्या आली ती १९४७ मध्ये: प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांमधला, तीन किंवा अधिक दिवसांचा आणि ज्या संघांना अधिकृतपणे तो दर्जा दिला आहे अशांचा सामना. सामना पावसात वाहून गेला, तुम्ही चेंडूला हातही लावला नाही, तरी नाणेफेक होऊन खेळ सुरू झाला की तुमच्या नावावर एक प्रथम श्रेणी सामना लागतो. एकदा लागला की तो पुसता येत नाही.

उलट बाजूने पाहा. क्लार्क ज्या वेस्टन-सुपर-मेअर गावचा, तिथून जवळच ब्रिस्टल शहर आहे. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या. शंभराहून जास्त वर्षं ती कोणत्याही स्तरावरच्या नोंदलेल्या सामन्यातली सर्वांत मोठी खेळी होती. ती मोडली कल्याणच्या प्रणव धनावडेने, २०१६ मध्ये, नाबाद १००९ धावा काढून. दोन्ही सामने शाळांचे, म्हणून दोन्हींवर शिक्का नाही. कॉलिन्स पुढे सैन्यात गेला, १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि प्रथम श्रेणीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणजे त्याच्या ६२८ धावा प्रथम श्रेणीच्या वहीत नाहीत आणि क्लार्कची नऊ शून्यं मात्र आहेत.

पालवणकर बाळूंची गोष्टही याच शिक्क्याची आहे. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं गोलंदाजी केलेल्या या माणसाच्या नावावर प्रथम श्रेणीचे सामने फक्त ३३ आहेत, बळी १७९. त्यांच्या काळात मुंबईच्या तिरंगी-चौरंगी (युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम अशा संघांच्या) लढती आणि असे मोजकेच सामने त्या वर्गात धरले जात. १९११ मध्ये ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले, तिथे त्यांनी काउंट्यांविरुद्ध बळींची रास घातली. त्या दौऱ्यात भारतीयांनी प्रथम श्रेणीचे दोनच सामने जिंकले. त्यातला एक टाँटनला झाला आणि हरलेला संघ होता सॉमरसेट. बाळूंची गोलंदाजी आयुष्यभराची होती, पण वहीत आली ती एवढीच. आखूड कारकीर्द पाहिली की आधी हे विचारावं की खेळ कमी झाला की मोजणी कमी झाली.

१९३० ची काउंटी

त्या वेळी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे काउंट्यांच्या आपसातल्या स्पर्धेत, १७ काउंट्या होत्या आणि प्रत्येकीला मोसमात २८ सामने खेळावे लागत. सामना तीन दिवसांचा. शनिवारी सुरू झालेला सामना रविवारची सुट्टी सोडून सोमवारी-मंगळवारी संपायचा, आणि बुधवारी सकाळी दुसऱ्याच कुठल्या तरी गावात पुढचा सामना उभा असायचा. मंगळवारी संध्याकाळी किटबॅगा उचलायच्या, आगगाडी धरायची, रात्री उशिरा पोचायचं आणि सकाळी मैदानात. मे ते ऑगस्ट हेच.

इतके दिवस मोकळे कोणाकडे असणार? दोन प्रकारच्या लोकांकडे. एक, ज्यांचं पोट क्रिकेटवरच आहे ते व्यावसायिक. दुसरे, ज्यांना पोटाची चिंताच नाही ते हौशी: जमीनदारांची मुलं, रजेवर आलेले लष्करी अधिकारी, परीक्षा आटोपलेले ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, उन्हाळी सुट्टीत मोकळे झालेले शाळामास्तर, अधूनमधून एखादा पाद्रीही. हौशी खेळाडूला मानधन नसे, फक्त खर्च मिळे. कर्णधार मात्र तोच व्हायचा. ड्रेसिंग रूम वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याचं फाटकही वेगळं. छापील धावपत्रिकेतसुद्धा फरक असायचा: हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. फ्रेड टिटमस हा व्यावसायिक खेळाडू तरुणपणी लॉर्ड्‌सवर खेळायला उतरला तेव्हा धावपत्रिकेत त्याची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली होती, म्हणून ध्वनिक्षेपकावरून ती दुरुस्ती जाहीर करण्यात आली. हा किस्सा तिकडे अजूनही सांगितला जातो. ही वर्गवारी रद्द व्हायला १९६२ उजाडलं.

(विसाव्या शतकात इंग्लंडचं कर्णधारपद पहिल्यांदा एका व्यावसायिकाला, लेन हटनला, मिळालं ते १९५२ मध्ये, विजय हजारेच्या भारतीय संघाविरुद्ध. त्याच लीड्‌स कसोटीत आपला दुसरा डाव सुरू होऊन काही मिनिटं होतात तोच फलकावर शून्यावर चार बाद असं लागलं होतं. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघंही भोपळ्यावर. तेव्हा शून्य ही काही फक्त क्लार्कसारख्यांची मिरास नाही.)

सॉमरसेट ही या व्यवस्थेतली गरीब काउंटी. सफरचंदांच्या बागा, गुरं, लहान गावं. यॉर्कशर किंवा लँकेशरसारखी गर्दी खेचणारी औद्योगिक शहरं नाहीत, त्यामुळे तिकिटांचा पैसा नाही आणि पगारी खेळाडूही मोजकेच. अकरापैकी उरलेल्या जागा हौशी मंडळींनी भरायच्या, आणि हौशी मंडळी त्यांना सवड असेल तेव्हा येणार. कर्णधार होता जॅक व्हाइट, स्वतः शेतकरी आणि त्या काळातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज. इंग्लंडच्या १९२८-२९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेड कसोटीत त्याने १३ बळी घेतले होते. अशा संघातून त्या वर्षांत कितीतरी माणसं एक-दोन-चार सामन्यांपुरती खेळून गेली. कोणी पुतण्या, कोणी पाहुणा, कोणी सुट्टीवर आलेला. जुन्या सॉमरसेटच्या खेळाडूंची यादी चाळली की अशी नावं डोळ्यांत भरतात. काउंटीला चॅम्पियनशिप अजूनपर्यंत एकदाही जिंकता आलेली नाही, पण पाहुणचारात तिचा हात धरणारं कोणी नसावं.

रेल्वेतला यष्टिरक्षक

या पगारी आणि हौशी अशा दोन खणांत क्लार्क नीट बसतच नव्हता. तो रेल्वेत नोकरीला होता. १९०२ चा जन्म, म्हणजे त्या मोसमात वय २७-२८. क्रिकेटही तो बऱ्याच उशिरा खेळायला लागला होता. पण वेस्टन-सुपर-मेअरच्या क्लबाकडून यष्टिरक्षण करताना त्याचे हात इतके सुरेख चालत की आसपासच्या क्लब क्रिकेटमध्ये त्याचं नाव झालं होतं.

काउंटीचा नेहमीचा यष्टिरक्षक होता वॉली लक्स. तब्येतीने नाजूक, पण जिद्दीचा. १९२४ ते १९४९ असा त्याने सॉमरसेटचा यष्टीमागचा भार वाहिला. १९३० मध्ये तो आजारी पडला. २८ सामन्यांचं रहाटगाडगं थांबवता येत नाही, दुसऱ्या यष्टिरक्षकाला वर्षभर पगार देऊन बसवून ठेवण्याची ऐपत नाही, तेव्हा क्लबातला सर्वांत चांगला यष्टिरक्षक बोलवायचा आणि त्याच्या नोकरीतून सवड मिळते का ते पाहायचं. क्लार्कची निवड झाली ती अशी. तो झेल पकडायला आला होता आणि ते काम त्याने चोख केलं.

फलंदाजीबद्दल कोणाचाच गैरसमज नव्हता, त्याचा स्वतःचा तर मुळीच नाही. क्लबात त्याची सर्वोच्च धावसंख्या तीन होती आणि त्यातल्या दोन धावा ओव्हरथ्रोच्या, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकलेल्या फेकीच्या, होत्या असं सांगतात. अकराव्या क्रमांकावर जायचं, समोरच्या गोलंदाजाला फार ताटकळत ठेवायचं नाही आणि परतायचं.

त्याच्याबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध किस्सा एसेक्सविरुद्धच्या सामन्यातला आहे. पीटर स्मिथ हा एसेक्सचा तरुण लेगस्पिनर. या माणसाला एकदा तरी खातं उघडता यावं म्हणून म्हणे त्याने मुद्दाम दोन टप्पे पडून येईल असा चेंडू टाकला. क्लार्कने बॅट फिरवली आणि तोही हुकला. किस्से सांगता सांगता घासून गुळगुळीत होतात, त्यामुळे चेंडू नेमका किती टप्पे पडला यावर मी पैज लावणार नाही. पण स्मिथने हे करावं याला एक वेगळीच चव आहे. १९४७ मध्ये चेस्टरफील्डला डर्बीशरविरुद्ध याच पीटर स्मिथने अकराव्या क्रमांकावर येऊन १६३ धावा ठोकल्या, आणि प्रथम श्रेणीत अकराव्या क्रमांकाची याहून मोठी खेळी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४६ मध्ये, ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध आपले चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी दहाव्या-अकराव्या क्रमांकांवर येऊन दोघंही शतकं काढून गेले होते, शेवटच्या जोडीची भागी २४९ धावांची. त्याच मोसमात भारताविरुद्ध ओव्हलवरच स्मिथने कसोटीत पदार्पण केलं. म्हणजे शेपटातल्या फलंदाजाकडून काय काय होऊ शकतं, हे त्याच्या कानावर चांगलंच गेलं असणार.

यष्टिरक्षकाचं काम वहीत दिसत नाही

आज शून्य सरासरीचा यष्टिरक्षक कुठल्याही राज्य संघाच्या निवड चाचणीतसुद्धा टिकणार नाही. १९३० मध्ये ते चालून जायचं, आणि त्यामागे भाबडेपणा नव्हता.

तेव्हा खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. रात्री पाऊस पडला आणि सकाळी ऊन आलं की ओलसर खेळपट्टीवर चेंडू हातभर वळायचा, मधेच उसळायचा, मधेच घसरायचा. अशा खेळपट्टीवर जॅक व्हाइटसारख्या फिरकी गोलंदाजाला यष्टींना खेटून उभं राहून गोळा करायचं, म्हणजे फलंदाज मधे आडवा, चेंडू दिसतो न दिसतो तोच हातात. इथे एक झेल सुटला तर समोरचा पुढे शंभर धावा काढून जाऊ शकतो. यष्टिचीतची एक संधी हुकली तरी तेच. चेंडू निसटला तर बायच्या, म्हणजे बॅटला न लागता मिळणाऱ्या, चार धावा जातात. यष्टिरक्षकाने अशा तीस-चाळीस धावा वाचवल्या तर त्या संघाच्या खात्यात खऱ्याखुऱ्या जमा होतात, पण कोणाच्याही नावासमोर लिहिल्या जात नाहीत. धावपत्रिकेत यष्टिरक्षकाचे झेल येतात, यष्टिचीत येतात आणि बाय येतात. सुटलेला झेल येत नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून सुटला असता पण याच्याकडून सुटला नाही असा झेल तर येऊच शकत नाही.

म्हणून क्लार्कची ती ओळ त्याच्या कामाची नोंद नाही, असं मला वाटतं. ज्या कामासाठी त्याला बोलावलं नव्हतं, त्याची ती नोंद आहे. करार देऊ करणाऱ्यांनी पाच सामने जवळून पाहिले होते, त्यांना धावा मोजायच्याच नव्हत्या.

अर्थात वारं फिरायला लागलं होतं. केंटच्या लेस एम्सने १९२८ आणि १९२९ या दोन्ही मोसमांत यष्टीमागे शंभराहून जास्त बळी घेऊन शिवाय हजाराच्या वर धावाही काढल्या. १९२९ मध्ये तर त्याचे बळी १२८ होते. पुढे त्याने १०२ शतकं केली. असा माणूस समोर आला की बाकीच्या कर्णधारांना आपल्या अकरा क्रमांकाच्या यष्टिरक्षकाकडे पाहून सुस्कारा सुटणारच. तरी जुनी जात लगेच संपली नाही. आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईचा नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळला. सरासरी जेमतेम १० च्या वर, पण सुभाष गुप्तेची फिरकी गोळा करताना त्याला पाहिलेली पिढी त्याच्या हातांबद्दलच बोलत राहिली.

शून्य आणि रेघ

सरासरीचं गणित सोपं आहे, पण त्यात एक खाच आहे. एकूण धावांना डावांनी नव्हे, बाद झालेल्या वेळांनी भागतात. क्लार्क नऊ डावांत सात वेळा बाद झाला, म्हणून शून्य भागिले सात, उत्तर शून्य. समजा तो नऊच्या नऊ वेळा नाबाद राहिला असता, तर शून्याने भागावं लागलं असतं. गणितात ते चालत नाही, मग वहीत सरासरीच्या रकान्यात आडवी रेघ मारतात. शून्य म्हणजे प्रयत्न झाला आणि फसला. रेघ म्हणजे काही सांगण्याइतका पुरावाच नाही.

या रेघेचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे हॅम्पशरचा फ्रेड हायलँड. १९२४ मध्ये नॉर्दॅम्प्टनला तो काउंटीकडून व्यावसायिक म्हणून मैदानात उतरला. नॉर्दॅम्प्टनशरची फलंदाजी सुरू झाली. दोन षटकं झाली, एक धाव निघाली, कोणी बाद झालं नाही आणि पाऊस आला. सामना तिथेच संपला. हायलँडला पुढे कधी बोलावणं आलं नाही. प्रथम श्रेणी कारकीर्द: दोन षटकांचं क्षेत्ररक्षण. नंतर चेशर परगण्यात त्याने रोपवाटिका चालवली आणि त्या धंद्यात चांगलं नाव कमावलं.

कसोटीतही असं घडलंय, आणि तिथेही माणूस सॉमरसेटचाच. जॅक मॅकब्रायन हा त्यांचा चांगला हौशी फलंदाज. १९२४ मध्ये मँचेस्टरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याला एकमेव कसोटी मिळाली. पावसाने जवळजवळ सगळा सामना गिळला. मॅकब्रायनने ना फलंदाजी केली, ना गोलंदाजी, ना झेल घेतला. तो प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा काढलेला माणूस होता. हायलँडला मात्र खेळता येत होतं की नाही, हे त्याच्या नोंदीवरून कोणालाही सांगता येणार नाही. वहीतल्या रेघा दोन्हीकडे सारख्याच दिसतात.

त्याच दारातून आलेला दुसरा

क्लार्क ज्या दारातून आत आला, त्याच दारातून पाच वर्षांनी आणखी एक जण आला. हॅरल्ड गिम्ब्लेट, शेतकऱ्याचा मुलगा. १९३५ च्या मे महिन्यात सॉमरसेटने त्याला थोड्या दिवसांच्या चाचणीला बोलावलं होतं आणि काही जमेलसं वाटत नाही म्हणून घरी पाठवायचं ठरत होतं. तेवढ्यात एक खेळाडू आजारी पडला. फ्रोम गावी सामना, समोर एसेक्स. गिम्ब्लेटची बस चुकली, तो रस्त्यातल्या एका लॉरीत बसून मैदानावर पोचला. सॉमरसेट ६ बाद १०७ असताना आठव्या क्रमांकावर उतरला, तेही म्हणे संघातल्या आर्थर वेलार्डची उसनी बॅट घेऊन. ६३ मिनिटांत शतक, एकूण १२३. त्या मोसमातलं ते सर्वांत जलद शतक ठरलं. एसेक्सच्या संघात पीटर स्मिथही होता, पण या वेळी कोणाला दोन टप्प्यांचा चेंडू टाकायची गरज पडली नाही.

गिम्ब्लेट पुढच्याच वर्षी लॉर्ड्‌सवर भारताविरुद्ध कसोटी खेळला आणि दुसऱ्या डावात नाबाद ६७ धावा काढून इंग्लंडला जिंकून दिलं. प्रथम श्रेणीत त्याच्या २३,००७ धावा झाल्या. त्या दिवशी तो खेळाडू आजारी पडला नसता, तर गिम्ब्लेटचं नाव सॉमरसेटच्या यादीत कदाचित आलंच नसतं. वर्ष-दोन वर्षांच्या तयारीने माणसं निवडणाऱ्या काउंटीत हे घडलं नसतं. सॉमरसेटमध्ये घडलं, कारण तिथे कोणी तरी सतत कमीच पडत असे.

बदली म्हणून सॉमरसेटला जाण्याचा मान नंतर आपल्या सुनील गावसकरलाही मिळाला. १९८० मध्ये व्हिव्ह रिचर्ड्‌स वेस्ट इंडीजबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, म्हणून काउंटीने त्याच्या जागी गावसकरला एका मोसमापुरतं घेतलं. पण काउंटी कारकीर्द आखूड असणं आणि प्रथम श्रेणी कारकीर्द आखूड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावसकरचा सॉमरसेटचा एकच मोसम आणि तेंडुलकरचा १९९२ चा यॉर्कशरचा एकच मोसम, हे मोठ्या कारकिर्दीतले छोटे मुक्काम. क्लार्कला त्या पाच सामन्यांच्या आगे-मागे काहीच नव्हतं.

करार का नाकारला

१९३० संपत आलं तेव्हा ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली होती. काउंटीच्या व्यावसायिकाला सामन्यागणिक पैसे मिळत, पण प्रवास, मुक्काम, बूट-पॅड यांचा बराचसा खर्च त्यातूनच भागवायचा असे. सप्टेंबर ते एप्रिल दुसरं काम शोधायचं. बोट मोडलं, जागा गेली. दहा-पंधरा वर्षं टिकलात तर तुमच्यासाठी एखादा मदत सामना भरवणार, त्या तीन दिवसांत ऊन पडलं तर चार पैसे हातात. आणि क्लार्कच्या बाबतीत तर वॉली लक्स बरा होऊन परत येणार हे उघडच होतं.

दुसऱ्या पारड्यात रेल्वे होती: बारा महिने पगार, ठरलेली वेळ, उतारवयाची सोय. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कित्येक मराठी घरांत मुलाला रेल्वेची नोकरी लागल्यावर बॅट माळ्यावर गेली आहे. आपली रेल्वे निदान रणजीत स्वतःचा संघ उतरवते आणि खेळाडूला रजाही देते. क्लार्कला दोन्हीतलं एकच निवडता येत होतं. त्याने रेल्वे निवडली, क्लबाकडून क्रिकेट खेळत राहिला आणि १९९५ मध्ये, ९२ वर्षांचा होऊन, वेस्टनमध्येच वारला.

आता त्याचा विक्रम मोडण्याचं म्हणाल तर ते मला फार अवघड दिसतं. हल्ली इंग्लंडमध्ये १८ काउंट्या आहेत, चॅम्पियनशिपचे सामने चार दिवसांचे आणि प्रत्येकीला १४, म्हणजे १९३० च्या निम्मेच. यष्टिरक्षक जखमी झाला तर दुसऱ्या फळीतला पगारी यष्टिरक्षक तयार असतो, आणि त्याला सहाव्या-सातव्या क्रमांकावर खेळता आलं नाही तर तो दुसऱ्या फळीतही नसतो. तळाच्या वेगवान गोलंदाजांकडूनसुद्धा रोज जाळ्यात फलंदाजी घोटून घेतात. शिवाय आता हेल्मेट आहे, झाकलेली खेळपट्टी आहे, आणि बॅटची कड इतकी जाड की डोळे मिटून फिरवली तरी चेंडू स्लिपच्या डोक्यावरून सीमापार जातो. ओळीने दहा डाव एकही धाव न काढता निघायचे, तर आधी कोणी तरी त्या माणसाला पाचव्या-सहाव्या सामन्यात घ्यायला हवं.